हातमोज्यांच्या आधी

[दृश्य: जिना. दोन बायका, बादली, खांद्यावर पोतं.]

पुणे. सकाळचे सात. ढकलगाडी खाली लावून दोघी कचरावेचक वर निघाल्यात. "कचराऽऽ!" चौथ्या मजल्यावर दार किलकिलं होतं, पिशवी बाहेर येते, दार लागतं. इमारतीला लिफ्ट आहे. काही सोसायट्यांत ती यांच्यासाठी नसते.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी या कामात जिना नव्हता, रस्त्यावरची कुंडी होती. तिच्यात वाकायचं, आकड्याने उपसायचं. फुटकी काच, कुत्री, आणि पोतं भरलेलं दिसलं की चोरीचा संशय. यातल्या बहुतेक बायका दलित. बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून आलेली घरंही त्यांत बरीच.

[दृश्य: जुनी छायाचित्रं, मोर्चा.]

१९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. हमालांची संघटना बांधलेले बाबा आढाव सोबत होते, एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणातल्या कार्यकर्त्या होत्या. संघटनेचं म्हणणं सरळ होतं: आम्ही वेचतो ते भीक नाही, काम आहे. १९९६ मध्ये महापालिकेने मान्य केलेलं ओळखपत्र गळ्यात आलं. पोलिसाने अडवलं तर दाखवायला काहीतरी झालं. तेवढ्याशा कार्डाचं मोल, ज्याला कधी कुणी अडवलं नाही त्याला कळायचं नाही.

पुढे 'स्वच्छ' ही वेचकांचीच सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा पालिकेशी करार झाला. दारोदार कचरा गोळा करायचा, घरटी महिन्याचं शुल्क घ्यायचं. आणि सुका माल, म्हणजे भंगार, वेचणारीचाच. हे शेवटचं कलम नीट ऐका. भंगार हातचं गेलं, तर उरते नुसती ओझ्याची हमाली.

[दृश्य: वर्गीकरण. हात जवळून.]

इथे हात बघा. बाटली दाबली, कडक. पिशवी चुरगाळली, मऊ. आवाजावरूनही प्लॅस्टिक ओळखतात. जाड हातमोजा चढवला की ही पारख जाते, घामाने हात भिजतात, म्हणून तो निघतो. मग आपण म्हणतो, "मोजे दिले तरी घालत नाहीत." मोजे हवेतच. पण हाताला काय लागणार, ते वर, चौथ्या मजल्यावर ठरलेलं असतं. आमटी सांडलेला पुठ्ठा ओला होतो, भाव पडतो. कागदात न गुंडाळलेलं ब्लेड थेट बोटात.

आणि सॅनिटरी पॅड. २०१३ साली वेचकांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या भरून उत्पादक कंपन्यांकडेच परत धाडल्या. तुमचा माल, तुम्हीच बघा! २०१६ च्या घनकचरा नियमांनी कंपन्यांना पॅडसोबत, टाकताना गुंडाळायला वेष्टन द्यायला सांगितलं. घरच्यांना सांगणं त्याहून सोपं होतं: पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की पुडी उघडायची नाही.

[दृश्य: भंगाराचं दुकान, काटा.]

दुपारचा एक. पुठ्ठा वेगळा, कडक वेगळं, काच वेगळी. दुकानदार पोतं काट्यावर ठेवतो. एक जण आकडा वाचते. दुसरी काट्याखाली वाकून बघते, कुणाचा पाय तर लागलेला नाही ना.