गाणं कुणाचं, नाव कुणाचं: डिस्क जॉकी ॲलन फ्रीड

अमेरिकेतलं क्लीव्हलँड शहर. 21 मार्च 1952, शुक्रवारची रात्र. क्लीव्हलँड अरिनामध्ये फार तर 10,000 माणसं मावतात, आणि दारात त्याच्या दुप्पट गर्दी लोटली आहे. तिकिटं बेसुमार विकली गेली आहेत, बनावट तिकिटंही फिरताहेत. दारं मोडतात. पॉल विल्यम्सच्या बँडचं पहिलंच गाणं सुरू असताना पोलीस कार्यक्रम बंद पाडतात.

जमलेले लोक बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. त्यांना बोलावणारा मात्र गोरा. रात्री उशिरा डब्ल्यूजेडब्ल्यू रेडिओवर 'मूनडॉग' या नावानं बोलणारा तीस वर्षांचा ॲलन फ्रीड.

हे संगीत त्याच्याकडे आलं लिओ मिंट्झमुळे. मिंट्झचं शहरात रेकॉर्डचं दुकान होतं. गोरी पोरं दुकानात येऊन कृष्णवर्णीय गायकांच्या ऱ्हिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्ड विकत घेताहेत, हे त्यानं पाहिलं आणि फ्रीडला सांगितलं, तू ही वाजव, कार्यक्रमाचा खर्च मी उचलतो. 1951च्या जुलैत कार्यक्रम सुरू झाला.

फ्रीड नुसती रेकॉर्ड लावून गप्प बसत नसे. माइक चालू ठेवायचा, समोर टेलिफोन डिरेक्टरी ठेवायची आणि गाण्याच्या ठेक्यावर तिच्यावर थापा मारायच्या. मध्येच गायीच्या गळ्यातली घंटा वाजवायची, ओरडायचं. ऐकणाऱ्याला वाटे, हा माणूस आपल्याच खोलीत बसून आपल्याइतकाच बेभान झालाय.

1954 साली न्यूयॉर्कच्या विन्स या रेडिओ केंद्रानं त्याला बोलावून घेतलं. तिथं पहिला दणका बसला. 'मूनडॉग' हे नाव आधीपासूनच लुई हार्डिन या अंध रस्त्यावरच्या वादकाचं होतं. हार्डिन कोर्टात गेला आणि जिंकला. फ्रीडनं नाव सोडलं आणि कार्यक्रमाला 'रॉक अँड रोल' हे नाव दिलं. कृष्णवर्णीयांच्या गाण्यांत हे शब्द कितीतरी आधीपासून होते. घराघरांत ते फ्रीडच्या तोंडून पोचले.

त्याचं एक काम आज विसरता येणार नाही. त्या काळी कृष्णवर्णीय गायकाचं गाणं चाललं की लगेच एखाद्या गोऱ्या गायकाकडून त्याची सौम्य नक्कल करून घेत, आणि रेडिओवर नक्कलच वाजे. फ्रीडनं नक्कल नाकारली. तो मूळ गाणं लावायचा, मूळ गायकाचं नाव घ्यायचा. त्याच्या जलशांत गोरी आणि काळी मुलं एकाच सभागृहात नाचत होती. 1957 साली एबीसी वाहिनीवरच्या त्याच्या कार्यक्रमात फ्रँकी लायमन हा कृष्णवर्णीय किशोर एका गोऱ्या मुलीबरोबर नाचला. दक्षिणेकडची केंद्रं खवळली, आणि कार्यक्रम गुंडाळला गेला.

आता त्याच माणसाची दुसरी बाजू. 1955. चक बेरी नावाच्या नव्या गायकाची 'मेबलीन' ही रेकॉर्ड येते. गाणं बेरीचं. पण गीतकार म्हणून तीन नावं नोंदवली गेली. बेरी, रेकॉर्ड कंपनीच्या मालकांच्या ओळखीतला रस फ्रॅटो आणि ॲलन फ्रीड. फ्रीडनं त्यातली एक ओळही लिहिलेली नव्हती. पण नाव लागलं की रॉयल्टीत वाटा आला, आणि वाटा आला की गाणं पुनःपुन्हा वाजवण्यात त्याचा स्वतःचाच फायदा. ज्या कलावंतांसाठी त्यानं दार उघडलं, त्यांच्याकडूनच तो दारात पैसे घेत होता. आणि हे सगळं कायद्यात बसत होतं.

मे 1958. बॉस्टनच्या जलशात पोलिसांनी मध्येच सभागृहातले दिवे लावले. तुम्ही मजा केलेली पोलिसांना बघवत नाही, अशा अर्थाचं काहीतरी फ्रीड मंचावरून बोलला, असं म्हणतात. बाहेर हाणामाऱ्या झाल्या आणि दंगल भडकवल्याचा खटला त्याच्यावर भरला गेला. खटला पुढे बारगळला, पण विन्स सुटलं ते सुटलंच.

मग तो डब्ल्यूएबीसी या दुसऱ्या रेडिओ केंद्रावर आला. 1959च्या नोव्हेंबरात तिथं एक कागद पुढे आला: गाणी वाजवण्यासाठी मी कधीही पैसे घेतले नाहीत, असं लिहून द्या. फ्रीडनं सही केली नाही. नोकरी गेली.

रेकॉर्ड कंपन्यांनी जॉकींना पैसे चारायचे, ही तेव्हाची सर्रास रीत. धंद्यात तिला 'पेओला' म्हणत. छोट्या कंपन्यांना मोठ्यांच्या गर्दीतून वाट काढायला दुसरा मार्गही फारसा नव्हता. 1960 साली अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीनं चौकशी मांडली. टीव्हीवरचा लाडका डिक क्लार्क, ज्याची रेकॉर्ड आणि प्रकाशन कंपन्यांत मालकी होती, तो हिस्से विकून समितीपुढे आला आणि शाबासकी घेऊन परतला. त्याच वर्षी नवा कायदा झाला: पैसे घेऊन गाणं वाजवलंत, तर ते श्रोत्यांना सांगा, नाहीतर गुन्हा.

फ्रीडवर खटला चालला तो न्यूयॉर्क राज्याच्या व्यापारी लाचखोरीच्या कायद्याखाली. डिसेंबर 1962मध्ये त्यानं दोन आरोप कबूल केले. शिक्षा 300 डॉलर दंड आणि सहा महिन्यांची स्थगित कैद. एवढीशीच, पण मोठ्या केंद्रांची दारं कायमची बंद झाली. दारू वाढली. 1964मध्ये आयकर चुकवल्याचा आरोप आला. 20 जानेवारी 1965 रोजी कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जमध्ये तो गेला. वय 43.

ज्या पैशांसाठी तो उद्ध्वस्त झाला, ते कंपन्यांच्या खिशातून आले होते. 'मेबलीन'चे पैसे चक बेरीच्या खिशातून गेले होते, आणि त्याबद्दल फ्रीडला एका डॉलरचाही दंड झाला नाही.

1986 साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच यादीत दोघांचाही समावेश झाला, बेरीचा आणि फ्रीडचा. त्याच वर्षी 'मेबलीन'वरची इतर दोन नावं हटली. गाणं लिहिल्यानंतर एकतीस वर्षांनी ते एकट्या चक बेरीच्या नावावर झालं.