तहावरच्या सहीनंतर : लायबेरियातील स्त्रिया आणि शांततेचे उरलेले काम

श्रोतेहो, युद्धानंतरच्या शांततेत स्त्रियांचा वाटा असावा, हे विधान कोणत्याही सभेत केले तरी त्याला विरोध होत नाही. विरोध सुरू होतो तो वाटा म्हणजे नेमके काय, हे विचारल्यावर : कोणत्या समितीत जागा, कोणत्या खात्यातून पैसा, कोणत्या न्यायालयात दाद. त्यामुळे हा विषय सर्वसाधारण शब्दांत न मांडता मी आज एकाच देशाबद्दल बोलणार आहे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील लायबेरिया हा तो देश. तेथील स्त्रियांनी युद्ध थांबवण्यासाठी जे केले ते जगाला बऱ्यापैकी ठाऊक आहे. युद्ध थांबल्यानंतर त्यांना जे करावे लागले, आणि जे करू दिले गेले नाही, ते फारसे ठाऊक नाही. माझे आजचे म्हणणे या दुसऱ्या भागाविषयी आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९८९ मध्ये चार्ल्स टेलर याच्या बंडाने सुरू झालेले यादवी युद्ध १९९६ पर्यंत चालले. १९९७ च्या निवडणुकीत टेलर अध्यक्ष झाला आणि १९९९ पासून त्याच्याविरुद्ध दुसरे युद्ध पेटले, ते २००३ पर्यंत. या दोन युद्धांत मिळून सुमारे अडीच लाख माणसे मेली असे मानले जाते, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या आसपास होती. सर्वच बाजूंनी लहान मुलांच्या हाती बंदुका दिल्या, आणि सर्वच बाजूंनी बलात्काराचा वापर हत्यारासारखा केला.

स्त्रियांचे काम २००३ मध्ये अचानक सुरू झाले असे नाही. मेरी ब्राउनेल यांच्या पुढाकाराने १९९४ मध्येच ‘लायबेरियन विमेन्स इनिशिएटिव्ह’ ही संघटना उभी राहिली होती, आणि निवडणुकीआधी शस्त्रे खाली ठेवली गेली पाहिजेत, ही तिची मागणी होती. त्याच वर्षी स्त्री-वकिलांचीही संघटना स्थापन झाली. १९९६ मध्ये रूथ सँडो पेरी या हंगामी राज्यमंडळाच्या प्रमुख झाल्या, म्हणजे देशाचे सर्वोच्च पद काही काळ एका स्त्रीकडे आले. २००० साली लायबेरिया, सिएरा लिओन आणि गिनी या तीन देशांतील स्त्रियांनी मिळून मानो नदीच्या नावाने शांततेसाठी एक जाळे विणले. ही नावे मी मुद्दाम घेतो आहे, कारण पुढच्या आंदोलनाची गोष्ट सांगताना ती गाळली जातात, आणि मग असे वाटू लागते की काही बायका एके दिवशी उठून रस्त्यावर आल्या आणि युद्ध संपले.

२००३ च्या वसंतात राजधानी मन्रोव्हियातील मासळीबाजाराजवळच्या मैदानात पांढरे कपडे घालून बसलेल्या स्त्रियांचे ते आंदोलन. लेमा बोवी या त्याच्या प्रमुख नेत्या होत्या. युद्धाच्या मानसिक जखमा झालेल्या लोकांबरोबर, त्यांत लढलेल्या मुलांबरोबरही, काम करणाऱ्या त्या समाजसेविका. ज्या सेंट पीटर्स ल्युथेरन चर्चशी त्यांचे काम जोडलेले होते, त्या चर्चमध्ये जुलै १९९० मध्ये आश्रयाला आलेल्या सुमारे सहाशे नागरिकांची सैनिकांनी कत्तल केली होती. ख्रिस्ती स्त्रियांच्या या हालचालीत असाटू बाह केनेथ या मुस्लिम पोलीस अधिकारी आपल्या समाजातील स्त्रियांना घेऊन आल्या, आणि दोन्ही धर्मांच्या स्त्रिया एकत्र बसल्या. ऊन असो वा पाऊस, त्या मैदानात येत राहिल्या. अखेर एप्रिलमध्ये टेलरला त्यांना भेट द्यावी लागली. वाटाघाटींना येण्याचे त्याने मान्य केले आणि बंडखोर नेत्यांनीही होकार दिला. (नवऱ्यांशी शय्यासोबत न करण्याचा जो संप या स्त्रियांनी जाहीर केला होता, त्याचीच चर्चा परदेशी वृत्तपत्रांनी सर्वांत अधिक केली. त्याचा प्रत्यक्ष परिणाम फार थोडा झाला, असे बोवी यांनी स्वतः सांगितले आहे. मैदानातला रोजचा ठिय्या, दोन्ही बाजूंच्या नेत्यांकडे केलेल्या खेपा, वर्गणी गोळा करणे, ही खरी कामे होती.)

वाटाघाटी जूनमध्ये घानाच्या राजधानीत, अक्रा येथे, सुरू झाल्या. स्त्रियांचे एक पथक तिथेही गेले आणि घानातील निर्वासितांच्या छावणीत राहणाऱ्या लायबेरियन स्त्रिया त्यांना येऊन मिळाल्या. आठवडे लोटले. प्रतिनिधी हॉटेलात राहत होते, कोणते खाते कोणाला यावर वाद घालत होते, आणि त्याच वेळी मन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते. जुलैमध्ये या स्त्रिया सभागृहाच्या दाराशी हातात हात गुंफून बसल्या आणि तोडगा निघेपर्यंत कोणालाही बाहेर पडू देणार नाही असे त्यांनी सांगितले. सुरक्षारक्षक अटक करायला आले तेव्हा बोवी यांनी स्वतःच्या अंगावरचे कपडे उतरवण्याची धमकी दिली. आईच्या वयाच्या बाईने असे विवस्त्र होणे हा तिकडे पाहणाऱ्या पुरुषाला लागणारा शाप समजला जातो. मध्यस्थी करणारे नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख जनरल अब्दुलसलामी अबुबकर यांनी ते प्रकरण समजुतीने हाताळले आणि त्यानंतर चर्चेची चाल बदलली. ११ ऑगस्टला टेलर देश सोडून नायजेरियाला गेला. १८ ऑगस्ट २००३ रोजी करार झाला.

या गोष्टीला बहुतेक जण इथे पूर्णविराम देतात. मला इथून बोलायचे आहे.

त्या करारात सत्तेची वाटणी कशी झाली ते पाहा. हंगामी विधिमंडळाच्या एकूण ७६ जागा ठरल्या. त्यांतील प्रत्येकी १२ जागा टेलरच्या सरकारला आणि दोन बंडखोर संघटनांना, म्हणजे लढणाऱ्या तिघांना मिळून ३६. राजकीय पक्षांना १८ आणि जिल्ह्यांना १५. नागरी संघटना आणि इतर सर्व हितसंबंधी गट यांना मिळून ७. दाराशी बसलेल्या स्त्रियांचा हिशोब या शेवटच्या सातांत करायचा होता, आणि त्यांतही त्या एकट्या नव्हत्या. नेमणुकांत स्त्री-पुरुष समतोल राखावा असे एक कलम करारात होते. पण कलमामागे संख्या नसली आणि ते मोडल्यास काय होईल हे लिहिलेले नसले, की त्याचे जे होते तेच झाले. मानो नदीच्या जाळ्यातील स्त्रियांनी करारावर साक्षीदार म्हणून सही केली. साक्षीदाराला करार पाळला जातो की नाही हे पाहण्याचा अधिकार मात्र कोणी दिला नव्हता.

याचा परिणाम पहिल्या चार महिन्यांतच दिसला. डिसेंबर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेने मन्रोव्हियाजवळच्या एका छावणीत शस्त्रे गोळा करण्यास सुरुवात केली. हत्यार जमा करणाऱ्याला एकूण तीनशे डॉलर, दोन हप्त्यांत, असा तो कार्यक्रम होता. अपेक्षेच्या कित्येक पट लढवय्ये येऊन थडकले, व्यवस्था कोलमडली, दंगल झाली, माणसे मेली आणि काम थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू झाले एप्रिल २००४ मध्ये. लढणारी पोरे कोणत्या वस्तीत राहतात, त्यांच्या डोक्यात काय चालले आहे, कोणाचे ते ऐकतात, हे स्त्रियांच्या संघटनांना ठाऊक होते. लोकांना आधी समजावून सांगितले पाहिजे, घाई करू नये, असे त्यांचे सांगणे होते. गोंधळ माजल्यावर त्यांनाच मदतीला बोलवावे लागले. ही माहिती कोणत्याही लष्करी नकाशात सापडणारी नाही, आणि म्हणूनच ती बाळगणाऱ्याला नियोजनाच्या बैठकीत खुर्ची असायला हवी. त्यात सौजन्याचा काही प्रश्न नाही, कामाच्या सोयीचा आहे.

निःशस्त्रीकरणातली दुसरी बाब याहून खोल आहे. लढवय्या कोण, याची साधी कसोटी म्हणजे हातात बंदूक असणे. ती लावली की सैन्याबरोबर वर्षानुवर्षे राहिलेल्या बहुसंख्य स्त्रिया आपोआप बाहेर पडतात : पळवून नेलेल्या मुली, कमांडरांच्या ‘बायका’ केल्या गेलेल्या मुली, स्वयंपाक करणाऱ्या, दारूगोळ्याचे ओझे वाहणाऱ्या, टेहळणी करणाऱ्या. बंदूक त्यांच्या हाती कधी आली असली तरी ती त्यांच्या मालकीची नव्हती. लायबेरियात ही चूक बऱ्याच अंशी टाळली गेली. सैन्यांशी जोडल्या गेलेल्या स्त्रियांना शस्त्र नसतानाही कार्यक्रमात येण्याची मुभा ठेवली गेली. एकूण सुमारे १,०३,००० जणांनी नाव नोंदवले, त्यांत सुमारे २२,००० स्त्रिया होत्या. मात्र नोंद झाल्यावर जे प्रशिक्षण मिळाले त्यात मुलींच्या वाट्याला बहुधा शिवणकाम, केशभूषा, साबण तयार करणे असेच धंदे आले, आणि एकाच गावात शिवणाऱ्या दहा जणी झाल्या की अकरावीला गिऱ्हाईक कुठून मिळणार? आणि ज्या स्त्रिया नोंदणीला आल्याच नाहीत, छावणीत गेलो तर गावात आपल्याला ‘बंडखोरांची बाई’ म्हणतील या भीतीने घरी राहिल्या, त्या कोणत्याच आकड्यात नाहीत.

२००५ ची निवडणूक जवळ आली तेव्हा मतदारनोंदणीत स्त्रिया मागे पडत आहेत असे दिसले. संघटनांच्या कार्यकर्त्या बाजारात गेल्या. विक्रेत्या बायकांना रांगेत उभे राहायला सवड नव्हती, कारण एक दिवस टोपली सोडली तर त्या रात्री घरात चूल पेटत नाही. म्हणून या कार्यकर्त्या त्यांच्या मालाजवळ बसल्या, मुले सांभाळली आणि त्यांना नोंदणीला पाठवले. अखेरीस नोंदणीतील स्त्रियांचा वाटा निम्म्याच्या आसपास गेला. एलन जॉन्सन सरलीफ निवडून आल्या आणि जानेवारी २००६ मध्ये आफ्रिकेतील पहिल्या लोकनिर्वाचित स्त्री-राष्ट्राध्यक्ष झाल्या. २०११ मध्ये त्यांना, लेमा बोवींना आणि येमेनच्या तवक्कुल करमान यांना मिळून शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कायद्यांच्या बाबतीत स्त्री-वकिलांच्या संघटनेचे काम मला विशेष मोलाचे वाटते. प्रथेनुसार विवाह झालेल्या स्त्रीला नवऱ्याच्या मृत्यूनंतर मालमत्तेत हक्क नसे. उलट तिलाच सासरची मालमत्ता समजले जाई. २००३ च्या कायद्याने अशा विवाहाला नोंदणीकृत विवाहाच्या बरोबरीचा दर्जा दिला आणि विधवेला वारसाहक्क दिला. ज्या देशात युद्धाने इतक्या बायका विधवा केल्या, तिथे हे शेताच्या तुकड्याचे, म्हणजे पोटाचेच कलम होते. बलात्काराची व्याख्या व्यापक करणारा आणि शिक्षा वाढवणारा कायदा २००६ च्या आरंभी अमलात आला. २००८ मध्ये मन्रोव्हियात लैंगिक गुन्ह्यांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले. पण ते राजधानीत आहे. पावसाळ्यात चिखलात बुडणाऱ्या रस्त्यांच्या दूरच्या जिल्ह्यातील मुलीला तिथवर पोहोचणे किती अवघड आहे, हे वेगळे सांगायला नको.

इथे आपल्या देशाचा एक खरा संबंध येतो. जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील स्त्रियांची एक संपूर्ण तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या वतीने मन्रोव्हियात दाखल झाली. केवळ स्त्रियांची अशी पोलीस तुकडी शांतिसेनेत त्याआधी कधी गेली नव्हती. सीमा धुंडिया त्या पहिल्या तुकडीच्या प्रमुख होत्या, आणि २०१६ पर्यंत एकामागून एक तुकड्या तिथे जात राहिल्या. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचे रक्षण आणि रात्रीची गस्त ही त्यांची मुख्य कामे. गणवेशातल्या स्त्रिया रोज रस्त्यावर दिसू लागल्यावर लायबेरियन मुलीही पोलिसात अर्ज करू लागल्या; युद्धात शाळा सुटलेल्या मुलींना भरतीची पात्रता गाठता यावी म्हणून वेगाने शिकवणारा अभ्यासक्रमही चालवला गेला. २०१६ पर्यंत सुरक्षादलांतील स्त्रियांचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवर गेले होते. भारतीय म्हणून याचा अभिमान मला आहे. त्याबरोबर हेही म्हणतो की परदेशी स्त्री-पोलीस पाठवण्याइतकेच स्वदेशातील शांतताप्रक्रियांत स्त्रियांना स्थान देणे आपल्याला जमले पाहिजे. नागा मातांच्या संघटनेने १९९४ मध्ये ‘आणखी रक्त सांडू नका’ अशी हाक दिली, भूमिगत गटांच्या छावण्यांपर्यंत त्या पायी गेल्या आणि सर्व बाजूंनी त्यांचा मान राखला. मात्र नगरपालिकांत स्त्रियांसाठी ३३ टक्के जागांचा प्रश्न आला तेव्हा २०१७ मध्ये नागालँड पेटले. त्या आरक्षणासह निवडणूक व्हायला २०२४ उजाडले, आणि राज्याच्या विधानसभेत पहिल्या स्त्रिया निवडून आल्या त्या २०२३ मध्ये, राज्यस्थापनेनंतर साठ वर्षांनी. आई म्हणून तिचे ऐकायचे, पण नागरिक म्हणून तिला जागा द्यायची नाही, हे मन्रोव्हियात घडले तसेच कोहिमातही घडले.

लायबेरियात बारा वर्षे एक स्त्री राष्ट्राध्यक्ष होती, तरी २०१७ च्या निवडणुकीनंतर कनिष्ठ सभागृहाच्या ७३ जागांपैकी स्त्रिया होत्या केवळ ९. उमेदवारांत ३० टक्के स्त्रिया असाव्यात यासाठी पक्षांनी ‘प्रयत्न करावा’ अशी कायद्याची भाषा होती. महाराष्ट्रातील श्रोत्यांना याचे स्पष्टीकरण नको. आपल्याकडच्या ग्रामपंचायतीत स्त्रिया सरपंच झाल्या त्या कोणी प्रयत्न केला म्हणून नव्हे, जागा राखीव झाली म्हणून.

राजधानीबाहेर जे टिकले त्याचाही उल्लेख केला पाहिजे. गावच्या चावडीवर पुरुषांनी तंटे सोडवण्याची जी जुनी रीत होती, तिच्याच धर्तीवर स्त्रियांनी अनेक जिल्ह्यांत ‘पीस हट’ म्हणजे शांतिकुट्या उभ्या केल्या. नवऱ्याची मारहाण, शेताच्या बांधाचा वाद, बुडवलेले कर्ज, अशी प्रकरणे तिथे येतात. गंभीर गुन्हा असेल तर त्या पोलिसांकडे पाठवतात. २०१४ मध्ये इबोलाची साथ आली आणि लोकांचा सरकारी संदेशांवर विश्वास उरला नव्हता, तेव्हा याच स्त्रियांनी घरोघरी जाऊन हात धुण्याचे, मृतदेहाला हात न लावण्याचे महत्त्व सांगितले. या कुट्यांना पैसा मिळतो तो मुख्यतः परदेशी मदतीच्या प्रकल्पांतून, मुदतीपुरता. प्रकल्प संपतो, आणि तंटा मिटवायला पाच कोस चालत येणाऱ्या बाईचा चहापाण्याचा खर्चही कुटीतल्या स्त्रिया पदरचा करतात. सुरक्षा परिषदेने ऑक्टोबर २००० मध्ये, नामिबियाच्या अध्यक्षतेखाली, स्त्रिया आणि शांतता यांविषयीचा १३२५ क्रमांकाचा ठराव एकमताने संमत केला. लायबेरियाने २००९ मध्ये त्यावर राष्ट्रीय आराखडाही तयार केला. आराखड्यात कामे आहेत. देशाच्या स्वतःच्या अर्थसंकल्पात त्या कामांसाठी दरवर्षी ठरलेली रक्कम असावी, आणि ती थेट अशा गावपातळीवरच्या संघटनांपर्यंत जावी, ही माझी पहिली मागणी राहील.

दुसरी मागणी न्यायाची आहे. लायबेरियाच्या सत्यशोधन आयोगाच्या कायद्यात नऊ सदस्यांपैकी किमान चार स्त्रिया असाव्यात अशी तरतूद होती. संख्या लिहिली होती म्हणून ती पाळली गेली. आयोगाने सतरा हजारांहून अधिक जबान्या नोंदवल्या आणि २००९ मध्ये युद्धगुन्ह्यांसाठी न्यायालय स्थापन करण्याची शिफारस केली. ती वर्षानुवर्षे पडून राहिली. टेलरला ५० वर्षांची शिक्षा झाली ती शेजारच्या सिएरा लिओनमधील गुन्ह्यांसाठी. लायबेरियात केलेल्या कृत्यांबद्दल तेथील कोणत्याही न्यायालयात कोणावर युद्धगुन्ह्यांचा खटला उभा राहिला नाही. मे २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोसेफ बोआकाय यांनी अशा न्यायालयाच्या तयारीसाठी कार्यालय स्थापण्याचा आदेश काढला. २००३ मध्ये वीस वर्षांची असलेली मुलगी आज चाळिशी ओलांडून गेली आहे. तिने ज्याचे नाव घ्यायचे तो माणूस कदाचित त्याच तालुक्यात राहतो, कदाचित निवडून आलेला आहे. तिने साक्ष द्यावी अशी अपेक्षा असेल तर तिच्या संरक्षणाची, प्रवासाची, साक्षीआधी आणि नंतर तिच्याबरोबर राहणाऱ्या जाणत्या स्त्रीची आणि बंद खोलीतल्या सुनावणीची व्यवस्था न्यायालयाच्या पहिल्या नियमावलीतच लिहिली गेली पाहिजे, आणि ती नियमावली लिहिणाऱ्यांत मासळीबाजाराच्या मैदानात बसलेल्या स्त्रिया असल्या पाहिजेत.