धातूवरचा फोटो : आधी भिंत, मग चित्र

(दृश्य : छपाईची कार्यशाळा. गरम प्रेसजवळ एक कारागीर मोठा कागद उचलतो.)

हा कागद नीट बघा. त्यावर बंदराचा एक फोटो छापलाय, पण रंग अगदी मरगळलेले. काळा करडा दिसतोय, निळा धुरकट. शिवाय चित्र उलटं आहे. डावीकडची होडी उजवीकडे गेलीय आणि पाट्यांवरची अक्षरं आरशातल्यासारखी दिसतायत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल, छपाई फसली. प्रत्यक्षात ती अजून व्हायचीय.

कारागीर अॅल्युमिनियमचा पत्रा फुंकर मारून, पुसून घेतो. कागद त्यावर पालथा घालतो, उष्णता सोसणाऱ्या टेपनं पक्का करतो आणि प्रेस खाली ओढतो. आत साधारण 200 अंश सेल्सिअस तापमान. काम दोन-तीन मिनिटांचं.

(दृश्य : प्रेस उघडते. कागद सोलला जातो. खालून झळाळता फोटो.)

त्या दोन-तीन मिनिटांत काय झालं? कागदावरचा रंग वितळला नाही, त्याचा थेट वायू झाला. कपाटातल्या डांबरगोळ्या पाणी न होताच झिजत जातात, तसलाच हा प्रकार. पत्र्यावर आधीपासून पॉलिएस्टरचा पातळ लेप असतो. उष्णतेनं तो सैलावतो, वायू झालेला रंग त्यात शिरतो, आणि थंड झाल्यावर तिथेच अडकून बसतो. या पद्धतीला सब्लिमेशन म्हणतात.

जाहिरातीत ‘धातूत मुरलेले रंग’ असं वाचायला मिळतं. ऐकायला छान आहे, पण खरं नाही. कोऱ्या अॅल्युमिनियमवर हा रंग धरतच नाही. चित्र असतं ते लेपात. धातू त्याला पाठीमागून आधार देतो, आणि लेप पारदर्शक असेल तर उजेडही परतवतो. म्हणून दुकानदाराला ‘पत्रा किती जाड?’ हे विचाराच, पण त्याआधी लेप कसला आहे ते विचारा. पत्रा बहुतेक ठिकाणी जेमतेम मिलिमीटरभराचाच असतो.

(दृश्य : जुन्या छायाचित्रांच्या पेट्या. चांदीचा मुलामा दिलेली पाटी हातात कलती होते.)

धातूवर फोटो ही काही आजची टूम नाही. फ्रेंच संशोधक नीएप्सनं खिडकीतून टिपलेलं दृश्य, कॅमेऱ्यातून घेतलेल्या आणि आजवर टिकलेल्या छायाचित्रांपैकी सगळ्यात जुनं, 1826-27च्या सुमाराचं आहे. ते प्यूटर या कथिलाच्या मिश्रधातूच्या पाटीवर आहे. 1839 साली जगापुढे आलेला डॅगेरोटाइप तांब्याच्या पाटीवर चांदी चढवून तयार व्हायचा. पुढे 1850च्या दशकात लोखंडी पत्र्यावरचे स्वस्त फोटो आले. त्यांना टिनटाइप म्हणत, पण त्यात टिन नव्हतं.

डॅगेरोटाइपची एक गंमत आहे. पाटी हातात सरळ धरली तर कधी आपलाच चेहरा दिसतो. जरा कलती केली की चित्र उमटतं, आणखी फिरवली की त्याच चित्राचा निगेटिव्ह होतो. उजेड कुठून येतो, बघणारा कुठे उभा आहे, यावर सगळं ठरतं. पावणेदोनशेहून जास्त वर्षं झाली, तंत्र पार बदललं, पण चकचकीत पृष्ठभागावरच्या चित्राची ही खोड गेलेली नाही. आणि लोक नेमकं तेच विसरतात. फोटो निवडतात, आकार निवडतात, पैसे भरतात, आणि प्रिंट घरी आल्यावर भिंत शोधायला लागतात.

(दृश्य : रिकामी भिंत. समोर मोठी खिडकी.)

क्रम उलटा हवा. आधी भिंत.

ऑनलाइन दुकानांच्या चित्रांवर विसंबू नका. त्यात प्रत्येक सोफा अवाढव्य असतो, आणि प्रिंटवर खिडकीचं प्रतिबिंब कधीच पडत नाही. त्यापेक्षा एक सोपी चाचणी घ्या. बंद केलेला मोबाइल किंवा टॅबलेट भिंतीवर हव्या त्या जागी कुणाला तरी धरायला सांगा, आणि तुम्ही रोज जिथे बसता तिथे जाऊन बसा. त्या काळ्या काचेत काय दिसतं? खिडकी दिसली तर ग्लॉसी, म्हणजे चकचकीत प्रिंटमध्येही खिडकीच दिसणार. छताचा दिवा दिसला तर तोही. सकाळी बघा, दिवे लागल्यावर पुन्हा बघा. दोन्ही वेळचं उत्तर एकच येईल असं नाही.

खिडकी समोर असेल आणि फोटो रात्रीचा, गडद असेल, तर ग्लॉसी प्रिंट दिवसभर आरशाचं काम करते. तीच प्रिंट खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर लावा. उजेड कडेनं घसरत जातो आणि काळ्या रंगाला खोली येते. म्हणजे प्रिंट वाईट नव्हती, जागा चुकली होती.

मग सगळीकडे मॅटच का घेऊ नये? कारण मॅट पृष्ठभाग उजेड विखरून टाकतो. प्रतिबिंब जातं, पण गडद भागावरही एक फिकट पडदा येतो, आणि काळा रंग तितकासा काळा राहत नाही. धातूवर फोटो घेण्याचं मुख्य कारण ती झळाळी असेल, तर मॅट घेऊन आपण तीच घालवतो. मधला पर्याय सॅटिनचा. समोर खिडकी असलेल्या खोलीसाठी मला विचाराल तर मी डोळे झाकून सॅटिन सांगेन. प्रिंटसाठी खास दिवा लावणार असाल तर तो छतातून, भिंतीशी सुमारे 30 अंशांचा कोन करून सोडा. समोरून मारलेला झोत थेट डोळ्यांत परत येतो.

(दृश्य : एकाच फोटोच्या दोन प्रिंट शेजारी-शेजारी. एक पांढऱ्या लेपाची, दुसरी पारदर्शक.)

आता या दोन प्रिंट. फोटो एकच, फाइल एकच, यंत्रही एकच. डावीकडे ढग पांढरे आहेत, उजवीकडे चंदेरी.

या छपाईत सहसा पांढरी शाई नसतेच. जिथे पांढरं हवं तिथे काहीच छापलं जात नाही. मागची पार्श्वभूमी दिसते. डावीकडच्या पत्र्याला पांढरा लेप होता, उजवीकडचा लेप पारदर्शक, म्हणून तिथे खालचं अॅल्युमिनियम उघडं पडलं. पाण्यावरची चमक, काचेच्या इमारती, गाडीचं बॉनेट, धुक्यातला पूल, कृष्णधवल वास्तुचित्रं यांना ही चंदेरी झाक विलक्षण शोभते.

माणसाच्या चेहऱ्याला मात्र ती सहसा मानवत नाही. इथे कॅमेरा जवळ नेऊ. आजीचा हसरा फोटो, पारदर्शक लेपावर. डोळ्यांतलं पांढरं करडं झालंय, दातही करडे. गालावरचा उबदार रंग थंड पडलाय. आपण दोन पावलं डावीकडे सरकलो की कपाळावर एक पांढुरका पट्टा सरकतो. चेहऱ्यांसाठी पांढरा लेप आणि सॅटिन घ्या. आणि फोटो खूप हळुवार, फिक्या रंगांचा असेल तर सरळ चांगल्या कागदावर छापून फ्रेम करा. प्रत्येक फोटोला पत्रा लागत नाही.

(दृश्य : संगणकाचा पडदा. फोटोवर साठ बाय नव्वदची चौकट.)

फाइलबद्दल थोडं. समजा 60 बाय 90 सेंटिमीटरची प्रिंट हवीय. 24 मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो 6000 बाय 4000 पिक्सेलचा असतो, म्हणजे या आकारात इंचाला सुमारे 170 पिक्सेल मिळतात. मोबाइलच्या 12 मेगापिक्सेल फोटोत 4000 बाय 3000 असतात, तिथे हाच आकडा 113च्या आसपास येतो. दोन मीटरवरून बघितलं तर दोन्हींत फरक कळणार नाही. अरुंद बोळात, जिथे प्रिंटला नाक लावूनच पुढे जावं लागतं, तिथे कळेल. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत छापायला देऊ नका. मूळ फाइल मागून घ्या.

मोबाइलच्या फोटोचं प्रमाण चारास तीन, आणि 60 बाय 90चं तिनास दोन. त्यामुळे आडव्या फोटोचा वरून-खालून मिळून नववा हिस्सा कापला जातो. कुणाचं डोकं चौकटीच्या कडेला टेकलं असेल तर आकार बदला, डोकं नको. छपाईतही कडेचे काही मिलिमीटर पत्र्याबाहेर जातात.

दुसरी अडचण उजेडाची. पडदा स्वतः प्रकाश टाकतो, पत्रा टाकत नाही. लख्ख पडद्यावर छान दिसणारा संध्याकाळचा फोटो भिंतीवर अंधारून येतो. फाइल पाठवण्याआधी पडद्याचा उजेड बराच कमी करा आणि मग सावल्यांमध्ये काय दिसतं ते बघा. काहीच दिसत नसेल तर सावल्या उजळून घ्या. मोठ्या आकाराची ऑर्डर देण्याआधी याच फाइलची लहान प्रिंट मागवून ती ठरलेल्या भिंतीवर लावून पाहणं उत्तम.

(दृश्य : प्रिंटची मागची बाजू. चिकटवलेली चौकट. भिंतीवर प्रिंटची सावली.)

टांगण्याची पद्धतही चित्राचा भाग असते. बहुतेक प्रिंटना मागून एक लहान चौकट चिकटवलेली असते. त्यामुळे पत्रा भिंतीपासून बोटभर पुढे येतो, मागे सावली पडते आणि चित्र तरंगल्यासारखं दिसतं. दुसऱ्या पद्धतीत चारही कोपऱ्यांना भोकं पाडून स्टीलचे खांब बसवतात. दिसायला ते कचेरीच्या पाटीसारखं होतं. मला घरात फारसं रुचत नाही, पण पक्कं बसतं.

वजन हा पत्र्याचा मोठा गुण. 60 बाय 90चा मिलिमीटरभर जाडीचा पत्रा दीड किलोच्या आसपास भरतो. त्याच आकाराची दोन मिलिमीटरची नुसती काच पावणेतीन किलो, फ्रेम वेगळी. पण पातळपणाची किंमतही आहे. मोठा पत्रा मागे आधार नसेल तर मधूनच लहरतो, आणि तिरक्या उजेडात ती लहर लगेच दिसते. कोपऱ्यावर पडला तर कोपरा मुडपतो. तो ठोकून सरळ करायला गेलं की लेप तडकतो. फार मोठ्या आकारासाठी अॅल्युमिनियमचे दोन पापुद्रे आणि मध्ये प्लॅस्टिक असा तीन मिलिमीटरचा थर मिळतो. तो ताठ राहतो, मात्र त्यावर सहसा यूव्ही शाईनं (अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या शाईनं) छपाई होते किंवा कागदी फोटो चिकटवला जातो. यूव्ही शाई वर बसते, लेपात शिरत नाही. तिची झळाळी वेगळी आणि खरवडलं जाण्याची भीती जास्त. म्हणून ‘मेटल प्रिंट’ एवढ्यावर समाधान मानू नका, छपाई कोणती ते विचारा.

स्वयंपाकघर, न्हाणीघर इथे पत्रा कागदापेक्षा आणि कॅनव्हासपेक्षा उजवा. तो ओल धरत नाही, गंजत नाही, ओल्या मऊ फडक्यानं पुसता येतो. खरखरीत घासणी आणि अमोनियाचे क्लीनर दूर ठेवा. ग्लॉसीवर बोटांचे ठसे उठतात. लहान मुलांच्या उंचीवर लावणार असाल तर रोज पुसायची तयारी ठेवा.

ऊन मात्र त्याला सोसत नाही. धातू टिकतो म्हणून चित्रही टिकेल, असं नाही. रंग शेवटी रंगच. रोज थेट ऊन पडलं तर लेपातला रंग हळूहळू उडतो. उन्हाची भिंत असेल तर दुसरी शोधा.

(दृश्य : पार्सल उघडलं जातं. प्रिंट टेबलावर, मऊ कापडावर.)

प्रिंट आली की टांगायची घाई नको. आधी खिडकीजवळ कलती धरून बघा. पोचा, चरा, लहर असेल तर अशीच दिसते. मग एकसारख्या रंगाचा भाग, आकाश किंवा भिंत, नीट न्याहाळा. कागद आणि पत्र्याच्या मधे धूळ अडकली असेल तर तिथे ठिपका राहतो. शेवटी बारीक रेषा शोधा : तारा, फांद्या, होडीचे दोर. प्रेस उघडताना गरम कागद जरासा जरी सरकला, तरी या रेषांना शेजारी एक पुसट जुळी रेषा उमटते. ती दिसली तर फोटो काढून विक्रेत्याला पाठवा आणि प्रिंट बदलून मागा. हा दोष रंगाबरोबर लेपातच बसलेला असतो, पुसून जात नाही.