मुंबईत जेवायचं कुठे?

दुपारचे बारा वाजलेत. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनाला लागून असलेल्या इमारतीचा जिना चढलं की उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग लागतं. मुंबईकर त्याला रामा नायक म्हणूनच ओळखतात. 1942 पासून इथे माणसं जेवताहेत. समोर केळीचं पान येतं. त्यावर पाणी शिंपडायचं आणि हातानेच पुसून घ्यायचं. मग भाज्या, लोणचं, पापड. वाफाळत्या भाताला मधोमध आळं करायचं, की वाढपी त्यात सांबार ओततो. पहिला भात सांबाराबरोबर, पुढचा रस्समबरोबर आणि शेवटचा ताकाबरोबर. पोट तुडुंब भरतं आणि खिशाला फारशी झळ बसत नाही.

मुंबईत कुठे जेवावं असं कुणी विचारलं, तर आमचं सांगणं एकच: रोजचं गिऱ्हाईक जिथे जेवतं तिथे जा. एकदाच येणाऱ्या पाहुण्याला काहीही खपवता येतं. महिन्याचे तीसही दिवस पानावर बसणाऱ्याला ते खपत नाही.

ही रीत जपली गिरणगावाने, म्हणजे कापडगिरण्यांच्या वस्तीने. परळ-लालबागच्या चाळींत कोकणातून, घाटावरून आलेले कामगार बायकामुलांना गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे. स्वयंपाकाला ना जागा, ना सवड. त्यांची जेवणं त्याच चाळींतल्या बायका रांधायच्या. गिरणीची पाळी सुटली की ताट तयार. पैसे मात्र पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज त्या बाईच्या डोक्यावर. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मुंबईच्या हॉटेलांच्या गोष्टी खूप सांगितल्या जातात, त्यात या बायकांचं नाव पहिलं यायला हवं. गिरणी कामगारांच्या 1982च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि जेवणारेच पांगले.

त्या चवीच्या जवळ जायचं असेल तर दादरला सिंधुदुर्ग किंवा चैतन्य, नाहीतर वांद्रे पूर्वेला हायवे गोमांतक. मधल्या खर्चाचं जेवण. सुरमईची तुकडी रव्यात घोळवून तव्यावर खरपूस केलेली, सोबत ओल्या नारळातल्या तिसऱ्या (शिंपल्या) आणि सोलकढी. जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा ताज्या मासळीचा हट्ट धरू नका, कोंबडी-वडे मागवा.

दादरला आलातच आहात, तर कीर्ती कॉलेजजवळ अशोकचा वडापाव खा. वडे तळताना कढईत बेसनाचे जे कण सुटतात, तो चुरा इथे पावात भरून देतात. लसणीची चटणी, कुरकुरीत चुरा आणि जीभ पोळेल इतका गरम वडा. एवढ्या कमी पैशांत याहून चांगलं या शहरात काही मिळतं, असं आम्हाला वाटत नाही. उपवास असेल तर प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आहे. उपवास नसला तरी तो खावाच, आणि वर पियुष. शिवसेना भवनासमोरच्या आस्वादची मिसळ 2015 साली लंडनच्या पुरस्कारापर्यंत पोहोचली, पण दादरकर ती त्याच्या कितीतरी आधीपासून खात होते.

गुजराती थाळीसाठी काळबादेवीचं ठाकर भोजनालय. वाढपी आग्रहाने वाढतात, सकाळची न्याहारी टाळून जा.

इराण्यांच्या हॉटेलांत मात्र निवांत वेळ काढून जा. धोबीतलावचं कयानी 1904 सालचं. ब्रून पावाचा कडक पापुद्रा चहात बुडाला की मऊ होतो आणि मस्का वर तरंगायला लागतो. कोपऱ्याकोपऱ्यावरचे इराणी एकेक करून बंद होत गेले. उरलेत त्यांच्याकडे जाणं हे आपलंही काम आहे. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया 1923 सालचं. ते मुख्यतः दुपारच्या जेवणाचं ठिकाण. तिथला बेरी पुलाव खाल्ला नाही तर काही खाल्लं नाही! भातावर पसरलेली ती लालचुटूक आंबट फळं इराणी असतात. ब्रिटानियाचे मालक बोमन कोहिनूर 2019 साली वारले. वयाची नव्वदी ओलांडल्यावरही ते टेबलाशी येऊन गिऱ्हाइकाची विचारपूस करायचे.

मटण हवं आणि रात्र झालीय? भेंडीबाजारात नूर मोहम्मदी. नल्ली निहारी मागवा, नळी ताटात आपटून मगज काढा, सोबत गरम रोटी. उशीर झाला तर कुलाब्याला ताजमागच्या गल्लीत बडेमियाँचे कबाब आहेतच, 1946 पासून.

आणि मोठा खर्च करायची तयारी असेल तर लोअर परळला कमला मिल्सच्या आवारात बॉम्बे कॅन्टीन आहे. 2015 साली ते सुरू करणाऱ्यांत फ्लॉइड कार्डोझ होते. मुंबईत जन्मलेला, मुळचा गोव्याच्या घरातला हा शेफ न्यूयॉर्क गाजवलेला. 2020 साली कोरोनाने तो गेला. आपल्याच गावरान भाज्या, भाकऱ्या, चटण्या इथे नव्या रूपात वाढल्या जातात. ज्या जमिनीवर एकेकाळी गिरणीचा भोंगा वाजायचा, तिथे आज एका ताटाला जो पैसा पडतो तो आम्हाला खटकतो, हे लपवणार नाही. पण स्वयंपाक मनापासून केलेला आहे. वाढदिवसाला आई-वडिलांना घेऊन जा, आणि शनिवार-रविवार असेल तर टेबल आधीच सांगून ठेवा.