आषाढात घ्यावा, श्रावणात विकावा : वापरलेल्या बेस गिटारचा व्यवहार

समोर बसलेल्यांपैकी बहुतेक जण सुपाऱ्या वाजवतात असं धरून बोलतो. लग्नातलं संगीत, गणपतीतले वाद्यवृंद, नवरात्रातला दांडिया, डिसेंबरातले कंपन्यांचे कार्यक्रम. या कामात एक बेस विकून दुसरा घेणं चालूच असतं. कुठला बेस चांगला वाजतो हा वाद आज नको, त्याला रात्र पुरत नाही. वापरलेला बेस हातात आला की यातलं काय दुरुस्त होऊन पूर्ववत होईल आणि काय होणार नाही, एवढंच आपल्याला बघायचं आहे. जे पूर्ववत होतं त्याचा खर्च किमतीतून वजा करायचा. जे होत नाही ते दिसलं, की आभार मानून निघायचं.

आधी तारा चार की पाच, ते ठरवा. आपल्याकडे याचं उत्तर गायकाच्या पट्टीत असतं. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची उघडी तार म्हणजे पांढरी तीन, ४१ हर्ट्झच्या आसपास. गायक म्हणाला, "काळी दोनमध्ये घेऊ," की खालचा षड्ज त्या तारेच्याही अर्धा सूर खाली जातो आणि तुम्हाला पुढच्या सप्तकात जाऊन वाजवावं लागतं. गाण्याचा तळच निघून जातो. तार उतरवता येते, पण दर दोन गाण्यांना पट्टी बदलणाऱ्या कार्यक्रमात ते जमत नाही. पाचवी तार पांढरी सातपर्यंत, म्हणजे ३१ हर्ट्झपर्यंत उतरते. म्हणून वाद्यवृंदवाल्यांत पाच तारांचा बेस लवकर खपतो. मात्र ती पाचवी तार ढिली, पिठासारखी वाजत असेल तर ती नसलेलीच बरी. तपासायला सोपं आहे : पाचव्या तारेवर पाचवा फ्रेट, म्हणजे तारांखालची धातूची आडवी पट्टी, दाबा आणि शेजारची उघडी तार वाजवा. सूर एकच आहे. दोन्हींचा आवाज साधारण एका जातीचा आला पाहिजे. एक बोलते आणि दुसरी पुटपुटते असं झालं, तर आधी जाड तार लावून बघता येईल का याचा विचार करा. जाडीचा आकडा १२५ असेल तर १३०ची. तेवढ्यानेही न सुधारणारे बेस असतात.

मग वजन. चार किलोपर्यंत ठीक. साडेचारच्या पुढे गेलं की नऊ रात्री तीन-तीन तास उभं राहून वाजवताना खांदा हिशेब मागतो. १९७०च्या दशकातले ॲश लाकडाचे काही बेस पाच किलोच्या आसपास भरतात, आणि संग्राहक त्यांचं कितीही कौतुक करोत, लोकलमधून ते पाठीवर न्यायचे आहेत तुम्हाला. विकणाऱ्याला बेस काट्यावर ठेवून फोटो पाठवायला सांगा. पट्ट्याला अडकवून हात सोडूनही बघा. नेक, म्हणजे तारांखालचा लांब भाग, खाली झुकत असेल तर डावा हात रात्रभर वाजवण्याऐवजी नेक तोलत बसतो.

आता नेक, म्हणजे मान. इथे जरा थांबतो, कारण खरे पैसे इथेच बुडतात. चार तारांचा मिळून ताण साधारण सत्तर-ऐंशी किलोंचा असतो. तो ताण मानेला पुढे वाकवतो आणि आतली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, तिला मागे ओढते. थोडा बाक हवाच, नाहीतर तार फ्रेटवर घासून कुरकुरते. किती हवा ते मोजता येतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, सर्वांत जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतली फट बघा. ०.३ ते ०.३५ मिलिमीटर असेल तर उत्तम. फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा फीलर गेज गॅरेजवाल्याकडे असतोच, त्याच्याकडून उसना आणा. तोही नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड अंदाजाला चालतं. हेच सर्वांत बारीक तारेच्या बाजूलाही करा. दोन्ही बाजूंची फट बरीच वेगळी असेल तर मान पिळलेली आहे. बाक सळईने निघतो, पीळ निघत नाही.

सळईची चाचणी विकणाऱ्याच्या परवानगीने आणि त्याच्यासमोर करा. किल्ली योग्य मापाचीच घ्या. इंचाच्या नटात मिलिमीटरची किल्ली घातली की कडा झिजतात आणि पुढे कुठलीच किल्ली धरत नाही. आधी पाव फेरा सैल करा, मग तेवढाच परत आवळा. सैल करताना नट गरगर फिरला, म्हणजे तो आधीच पूर्ण सुटलेला असेल किंवा सळई तुटलेली असेल. आवळताना अजिबात हलला नाही आणि मान तरीही पुढे वाकलेलीच असेल, तर सळईचा जोर संपलेला आहे. सळई बदलायची तर फ्रेटबोर्ड, म्हणजे मानेवरची फ्रेट बसवलेली फळी, उखडावा लागतो. महागड्या जुन्या वाद्याला ते परवडतं, आपल्या बजेटातल्या बेसला नाही.

हवेचाही विचार करा. जुलैत मुंबईला किंवा पणजीला तपासलेली मान ओल पिऊन फुगलेली असते. तोच बेस मे महिन्यात नागपूरला नेलात तर फ्रेटबोर्ड आक्रसतो आणि फ्रेटांची टोकं करवतीसारखी बोटाला लागतात. हा दोष नाही. टोकं कानशीने घासून देतात, तासाभराचं काम आहे. पण विकणारा "आजच सेट करून आणलाय" म्हणत असेल तर तो कुठल्या गावात सेट झाला ते विचारा.

फ्रेटांकडे उजेड तिरपा पाडून बघा. पहिल्या पाच फ्रेटांवर, विशेषतः वरच्या दोन बारीक तारांखाली, खाचा असतात. स्टीलच्या तारा फ्रेटचा मऊ धातू खातातच. खाच नखाला जेमतेम जाणवत असेल तर घासून समतल होते, एक-दोनदा तरी होते. खाच खोल आणि फ्रेट चपटे झाले असतील तर सगळे फ्रेट बदलावे लागतील, आणि तो खर्च स्वस्त बेसच्या किमतीच्या जवळ जातो. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकेकदा वाजवा, ॲम्पशिवाय. बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर मरतो. बोल्टने जोडलेल्या मानेच्या बेसमध्ये हे सर्रास असतं, महागड्यांतही. मानेचा स्वतःचा कंप तो सूर गिळतो. त्यावर इलाज नाही, पण फार लाजण्यासारखंही काही नाही. ठरवायचं एवढंच, की तो सूर तुमच्या रोजच्या पट्टीत येतो का. तपासणीच्या वेळी बेसवर मेलेल्या तारा असतील तर सुराची चाचणी व्यर्थ आहे. अशी तार बाराव्या फ्रेटवर बेसूर बोलते आणि तारा टेकवणाऱ्या बिचाऱ्या ब्रिजवर आळ येतो. नव्या तारांचे दोन-अडीच हजार सौद्यात धरा.

विजेच्या भागासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. ही युक्ती बॅटरी नसलेल्या बेससाठी आहे. बेसला केबल लावा, सगळी बटणं पूर्ण उघडा, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगवर मीटर धरा : एक टोक अणकुचीला, दुसरं दांड्याला. प्रिसिजन आणि जॅझ ही फेंडर कंपनीच्या बेसची दोन मॉडेलं. प्रिसिजन जातीच्या बेसला साधारण दहा किलोओहम दिसायला हवेत. जॅझ जातीच्या बेसला एक व्हॉल्यूम पूर्ण बंद केल्यावर सातच्या आसपास आणि दोन्ही उघडल्यावर साडेतीन-पावणेचार, कारण दोन पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडणाऱ्या चुंबकी गुंडाळ्या, समांतर जोडलेले असतात. आकडा फार मोठा आला किंवा मीटरने काहीच दाखवलं नाही तर गुंडाळीची तार किंवा जोड तुटला आहे. दोनशे रुपयांच्या मीटरने हे समजतं आणि बेस उघडावाही लागत नाही, म्हणून विकणारा सहसा नाही म्हणत नाही.

बटण फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारला की जाते. जॅझ बेसचा एकच पिकअप उघडल्यावर गुणगुण येते आणि दोन्ही सारखे उघडले की जाते, ते तर त्याच्या रचनेतच आहे. तारांना हात लावल्यावर आवाज कमी झाला तर ब्रिजची अर्थ वायर शाबूत आहे. काहीच फरक पडला नाही तर ती निघालेली आहे, कथलाच्या एका टाक्याचं काम. पण तारांना आणि माइकला एकाच वेळी स्पर्श झाल्यावर झिणझिण्या आल्या, तर दोष मांडवाच्या वायरिंगमध्ये किंवा ॲम्पमध्ये आहे. तिथे वाजवणं थांबवा आणि साउंडवाल्याला बोलवा, त्यात भीड धरू नका.

स्टेजवर सर्वांत जास्त वेळा दगा देतो तो जॅक, म्हणजे केबल खुपसायचं भोक. बाहेरचा नट सैल होतो, घाईत आपण तो पान्ह्याने फिरवतो, आत अख्खा जॅक फिरतो, तार पिळून तुटते आणि ऐन मुखड्याला बेस गप्प. नट आवळताना आतला जॅक एका हाताने धरायचा असतो. प्रीॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारं बॅटरीवरचं सर्किट, असलेल्या बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी केबल लावल्या क्षणी चालू होते. केबल काढायची विसरली की ती उगाच झिजत राहते. बॅटरीचं झाकण उघडून हिरवी-पांढरी बुरशी आहे का बघा. गळलेली बॅटरी धातूच्या पट्ट्या आणि कधी कधी प्रीॲम्पची पाटीही खाते.

जुना आणि महाग बेस असेल तर खरेपणा तपासायला हवा. फेंडरच्या बाबतीत काही तारखा पाठ ठेवा. प्रिसिजन बेस १९५१चा, त्याला दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ला आला, जॅझ बेस १९६०चा. अनुक्रमांक १९७६पर्यंत मानेमागच्या धातूच्या पट्टीवर असे, नंतर तो डोक्यावर, म्हणजे मानेच्या खुंट्यांकडच्या टोकावर, छापला जाऊ लागला. पट्टी तीन-चार स्क्रूंनी बसते, म्हणजे ती कोणीही कशावरही बसवू शकतो. तेव्हा पट्टीवरचा आकडा ही साक्ष आहे, पुरावा नाही. त्याहून बोलका आतला पोटेन्शिओमीटर, म्हणजे बटणाखालचा गोल भाग. समजा त्याच्या पाठीवर १३७७६३३ कोरलंय. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे, १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे दोन वर्षाचे, ७६. शेवटचे दोन आठवड्याचे, तेहेतिसावा. म्हणजे हा बेस ऑगस्ट १९७६च्या आधी तयार झालेला असूच शकत नाही, निदान त्या पार्टसकट. नंतर झालेला असू शकतो, कारण पार्ट महिनोन् महिने कपाटात पडून राहतात. आणि तिथला टाका बघा : कारखान्याचा कथलाचा टाका जुना, मंद दिसतो. चकचकीत नवा टाका दिसला तर आत कोणीतरी हात घातलाय. घातला असेल तरी हरकत नाही, पण किंमत "मूळ" वाद्याची द्यायची नाही.

परदेशातून नातेवाइकामार्फत मागवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. शिसवीच्या सगळ्या जातींवर जानेवारी २०१७पासून साइट्स कराराचं, म्हणजे दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, बंधन आलं, आणि तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९मध्ये त्यातून सूट मिळाली. ही सूट ब्राझिलियन शिसवीला नाही. ती १९९२पासून सर्वांत कडक यादीत आहे, आणि १९६०च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातल्या कित्येक बेसांचे फ्रेटबोर्ड तिचेच आहेत. कागद नसतील तर असा बेस सीमा ओलांडवू नका.

पैशांचं बोलू. टोकन देताना अनुक्रमांक लिहून पावती घ्या. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. बेस न बघताच "लगेच पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा" म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे. फार स्वस्त मिळत असेल तर चोरीचा नाही ना, हे वादकांच्या ग्रुपवर अनुक्रमांक टाकून विचारा. पुण्या-मुंबईतलं वादकांचं जग लहान आहे, उत्तर संध्याकाळपर्यंत येतं.

वेळेचं गणित पंचांगात आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, लग्नं थांबतात, सुपाऱ्या आटतात आणि हप्ते मात्र चालू राहतात. त्या दिवसांत विकणारे जास्त, घेणारे कमी. घ्यायचा तर तेव्हा. श्रावणात गणपतीच्या तालमी सुरू झाल्या की ज्याचा बेस बिघडलाय तो घाईत असतो. विकायचा तर तेव्हा. पितृपंधरवड्यात कित्येक जण नवं-जुनं काहीच घेत नाहीत. आणि खंडेनवमीला पुजलेला बेस त्याच आठवड्यात विकायला कोणाचं मन होत नाही, मग सौदा आपोआप दिवाळीपुढे जातो.

विकण्यासाठीची तयारी घेतल्या दिवशीच सुरू होते. पिकअप, ब्रिज, खुंट्या काय हवं ते बदला, पण काढलेला प्रत्येक भाग स्क्रूसकट डब्यात ठेवा. विकताना मूळ भाग परत चढवा आणि चांगले भाग वेगळे विका, एकूण पैसे जास्त येतात. लाकूड मात्र कोरू नका. मोठ्या पिकअपसाठी खणलेला खड्डा आणि हौसेने मारलेला रंग पूर्ववत होत नाही, आणि त्याचा खर्च पुढचा गिऱ्हाईक तुमच्याकडूनच वसूल करतो. फोटोत डाग आधी दाखवा. तीनशे किलोमीटरवरून आलेल्या माणसाला दारात डाग दिसला तर तो पाच हजार पाडून मागतो. तोच डाग फोटोत आधी दिसला असता तर पाचशेही पाडले नसते.

कुरिअरने पाठवायचा तर बोल्टची मान काढून पाठवणं बरं. अख्खा बेस ११८ सेंटिमीटरच्या आसपास भरतो, मान वेगळी केली की खोकं नव्वदपर्यंत येतं आणि मानेला हिसका बसत नाही. मान काढण्याआधी तारा पूर्ण सैल करा आणि सळईचा नटही थोडा सैल करा, नाहीतर ताणाशिवाय मान मागे वाकून राहते. चिकटवलेल्या मानेचा आणि मागे कललेल्या डोक्याचा बेस असेल तर मान निघत नाही. मग तारा दोन-तीन सूर उतरवा आणि डोक्याखालची पोकळी गच्च भरा, खोकं पडल्यावर मोडतं ते नेमकं तिथे. घेणाऱ्याला सांगून ठेवा, की स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवायचा. टक् असा आवाज आला की जुन्या आट्यात बसला समजायचं आणि मगच आवळायचा, नाहीतर लाकडात नवे आटे पडतात आणि चार-पाच वेळा असं झालं की स्क्रू धरतच नाही. खोक्यात सळईची किल्ली, काढलेल्या मूळ भागांचा डबा आणि पावती घाला, आणि ९ व्होल्टची बॅटरी आठवणीने बाहेर काढा.