पोस्टरसमोर उभे राहताना

[दृश्य: सकाळ. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा घुमट. कॅमेरा हळूहळू रस्त्यावर उतरतो.]

बडोद्याची ओळख बनलेला हा घुमट मूळचा बडोदा कॉलेजचा. कॉलेज १८८१ साली सुरू झाले आणि विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. गायकवाडांच्या पदरी नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे त्याच्याही आधीपासून या शहरात होती, आणि दांडिया बाजारातल्या अनेक घरांत आजही मराठी बोलली जाते. अशाच एका घरातली संशोधक विद्यार्थिनी आज आपले पहिले पोस्टर, म्हणजे आपल्या संशोधनाचा सारांश मांडणारा मोठा छापील तक्ता, घेऊन शहरात भरलेल्या विभागीय मेंदूविज्ञान परिषदेला निघाली आहे.

पोस्टर छापून घेणे हेही एक प्रकरणच असते. परिषदेच्या पत्रात आकार ‘ए झीरो’, म्हणजे ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटर असा दिलेला असतो. फ्लेक्सवाला मात्र फुटांतच बोलतो, त्यामुळे तीन बाय चारचे पोस्टर हाती येते आणि बोर्डावर लावताना त्याची कड शेजाऱ्याच्या हद्दीत जाते. शेजारी सुरतेचा विद्यार्थी आहे. तो हसून आपले पोस्टर थोडे सरकवून घेतो, आणि दोघांची ओळख तेथेच होते.

सभागृहातले दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि लांबलेली स्वागतपर भाषणे यांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. आमंत्रित व्याख्याने महत्त्वाची असतात यात शंका नाही. तरीही विद्यार्थ्याच्या दृष्टीने परिषद खऱ्या अर्थाने सुरू होते ती पोस्टरच्या सत्रात, कारण व्याख्यानात ऐकून घ्यायचे असते आणि येथे उत्तरे द्यायची असतात.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकातील चित्र. पिवळसर पार्श्वभूमीवर काळ्या रंगात उठून दिसणारी चेतापेशी.]

पडद्यावर दिसणारी ही पेशी तिच्याच पोस्टरमधली आहे. इटलीच्या कामिलो गॉल्जी यांनी १८७३ साली शोधलेल्या पद्धतीत मेंदूच्या ऊतीवर पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट यांची प्रक्रिया करतात. तिचे वैशिष्ट्य असे, की असंख्य पेशींपैकी मोजक्याच पेशी रंगतात, पण ज्या रंगतात त्या शाखोपशाखांसह दिसतात. सगळ्याच रंगल्या असत्या, तर काळ्या गिचमिडीपलीकडे काहीच दिसले नसते.

याच पद्धतीत सुधारणा करून स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी चेतापेशी ही स्वतंत्र पेशी आहे, सलग जाळ्याचा भाग नव्हे, असे मांडले. त्यांचे लेखन स्पॅनिशमध्ये असल्याने युरोपात ते फारसे कोणी वाचत नव्हते. तेव्हा १८८९ साली ते स्वखर्चाने बर्लिनला गेले आणि जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांच्या परिषदेत सूक्ष्मदर्शकाखाली आपल्या काचपट्ट्या लावून उभे राहिले. त्या पाहून अल्बर्ट फॉन क्योलिकर यांच्यासारखा ज्येष्ठ शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने झाला. पुढे १९०६ साली गॉल्जी आणि काहाल यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि गॉल्जींनी त्या प्रसंगीच्या व्याख्यानातही चेतापेशींचे सलग जाळे असते, हीच बाजू मांडली! बर्लिनला काहाल यांनी जे केले, तेच आज येथे प्रत्येक विद्यार्थी आपापल्या बोर्डासमोर करतो आहे: कोणीतरी थांबावे, नीट पाहावे आणि विचारावे, एवढीच त्याची अपेक्षा.

तिच्यासमोर थांबले आहेत ते पुण्याहून आलेले एक निवृत्त प्राध्यापक. तिने पांढऱ्या उंदरांचे दोन गट घेतले आहेत, एक दीर्घकाळ ताण दिलेला आणि दुसरा ताण न दिलेला. आणि स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशींच्या शाखांवरचे सूक्ष्म काटे, म्हणजे दुसऱ्या पेशींशी जोडणी होते ते बारीक उंचवटे, तिने मोजले आहेत. तक्त्याखाली प्रत्येक गटासाठी नमुनासंख्या साठ अशी लिहिली आहे.

“उंदीर किती होते?” प्राध्यापक विचारतात.

“प्रत्येक गटात सहा, सर. प्रत्येकाच्या दहा पेशी मोजल्या.”

“मग संख्या साठ की सहा?”

हा प्रश्न बोचरा वाटला तरी सगळी मेख त्यातच आहे. एकाच उंदराच्या दहा पेशी एकाच शरीरात वाढलेल्या असतात आणि एकाच हाताने, एकाच दिवशी रंगवलेल्या असतात, म्हणून त्यांच्यात साम्य असणारच. त्यांना साठ स्वतंत्र नमुने मानणे म्हणजे सहा घरांतल्या दहा-दहा माणसांना विचारून साठ घरांचा कौल मिळाला असे सांगण्यासारखे आहे. असे केले की त्रुटीचा अंदाज खोटाच लहान दिसतो आणि नसलेला फरकही लक्षणीय ठरू शकतो. उपाय दोन आहेत: प्रत्येक उंदराची सरासरी काढून सहा विरुद्ध सहा अशी तुलना करावी, किंवा पेशी कोणत्या उंदराची आहे हे हिशेबात धरणारे संख्याशास्त्रीय प्रतिमान वापरावे. मेंदूविज्ञानातल्या छापील निबंधांतही ही गफलत आढळते, त्यामुळे ती छापण्याआधीच बोर्डासमोर पकडली जाणे हा परिषदेचा सर्वांत मोठा लाभ म्हणावा लागेल.

[दृश्य: दुसरा कोपरा. शाळकरी मुलांचा घोळका.]

पलीकडे एका स्वयंसेवकाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूतील विद्युतलहरी दाखवल्या जात आहेत. त्याने डोळे मिटताच पडद्यावर सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची अल्फा लय उमटते आणि डोळे उघडताच ती मावळते. माणसाच्या मेंदूतील अशा लहरींची नोंद हान्स बर्गर यांनी प्रथम १९२४ साली घेतली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली.

दुपारी जेवणाच्या रांगेत ती आणि ते प्राध्यापक पुन्हा एकत्र येतात. विभागीय परिषदेचा आटोपशीरपणा येथे उपयोगी पडतो. हजारोंच्या अधिवेशनात अशी दुसरी गाठ पडणे दुरापास्त असते. काटे मोजताना कोणती काचपट्टी कोणत्या गटाची हे माहीत होते का, असे ते विचारतात. माहीत होते, असे ती स्पष्ट सांगते.

“गट माहीत असला, की मोजणी नकळत अपेक्षेच्या बाजूला झुकू शकते. पट्ट्यांना सांकेतिक क्रमांक द्या आणि पुन्हा मोजा.”

“क्रमांक मीच दिले तर चालेल का, सर?”

“नाही. प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या कोणाला तरी द्यायला सांगा, आणि मोजणी संपेपर्यंत ती यादी त्यांच्याकडेच राहू द्या.”