दोन तासांच्या मधली भीती

(एका माध्यमिक शाळेत पालक आणि शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. 'जरा एकलकोंडा आहे, पण हुशार आहे' असं चौथीपर्यंत ज्याच्याबद्दल सगळे म्हणायचे, तो मुलगा सातवी-आठवीत एकाएकी शाळेत जायला नकार देतो. सकाळी पोट दुखतं, उलटी होते. दप्तर भरलेलं असतं आणि पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. असे पालक माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, 'याला झालं तरी काय?' मी उलट विचारते, 'शाळेत काय काय बदललं?'

बदललेलं पुष्कळ असतं. प्राथमिक शाळेत एक वर्ग, एक बाई. बाईंच्या आवाजावरून, चालण्यावरून पुढं काय होणार ते मुलाला कळायचं. हायस्कूलमध्ये दर तासाला माणूस बदलतो आणि माणसाबरोबर नियमही. गणिताच्या सरांना कच्चं काम समासात केलेलं चालतं, विज्ञानाच्या बाई त्यावरून वही परत करतात. एकाच्या तासाला न विचारता पाणी पिता येतं, दुसऱ्याच्या तासाला त्यासाठी उभं केलं जातं. वर्गातली बाकीची पन्नास-साठ मुलं एकमेकांकडे बघून हे आठवड्याभरात उचलतात. ऑटिझमची (स्वमग्नतेची, म्हणजे मेंदूची घडण मुळातच वेगळी असण्याची) वैशिष्ट्यं असलेल्या मुलाला नेमकं हेच, कुणी न सांगता उचलायचं, जड जातं. मग तो दिवसभर अंदाज बांधत बसतो, आणि चुकला की सगळ्यांसमोर चुकतो.

अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर असं दिसलं आहे की ऑटिझम असलेल्या साधारण ४० टक्के मुलांमध्ये निदान करण्याइतकी तीव्र चिंता असते. म्हणून ही मुलं मुळातच भित्री, असा अर्थ कृपा करून काढू नका. यातली बरीचशी चिंता अनिश्चिततेची असते. पुढं काय होणार ते ठाऊक नसलं की तुम्हीआम्हीही अस्वस्थ होतो, या मुलांना ते सोसतच नाही. त्यात आवाज, वास, गर्दी, अंगाला टोचणारा गणवेश यांचा मारा वेगळाच. म्हणून मी सगळ्यांना सांगत असते, मुलाची भीती तासात शोधू नका, दोन तासांच्या मध्ये शोधा. इतिहासाच्या धड्याला तो घाबरत नाही. घंटा झाल्यापासून पुढचे शिक्षक येईपर्यंतची पाच मिनिटं, मधली सुट्टी, ऑफ तास, परिपाठाला मैदानावर जाताना जिन्यात होणारी रेटारेटी, तिथं ती भीती असते.

आठवीतल्या एका मुलाचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. गुरुवारी तिसरा तास भूगोलाचा. नकाशा रंगवून आणलेला. वही बाकाच्या कडेला लावून ठेवलेली, वहीवर पट्टी, पट्टीला समांतर पेन्सिल. दारातून आले इंग्रजीचे सर, कारण भूगोलाच्या बाई रजेवर. वर्ग खुशीत ओरडला. या मुलानं कंपासपेटीचं झाकण उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं. कान लाल झाले. सर म्हणाले, 'आवाज बंद.' झाकण आणखी जोरात वाजायला लागलं. सर जवळ आले, पेटी काढून घेतली आणि म्हणाले, 'माझ्याकडे बघून बोल.' तो उठला आणि सरळ दाराकडे चालू लागला. सरांनी दंड धरला, त्यानं हिसडा दिला. मुख्याध्यापकांकडे नोंद झाली ती अशी: शिक्षकांच्या अंगावर धावून गेला.

त्या नोंदीत झाकण कुठंच नाही. खरं तर तो झाकणाच्या त्या एकसारख्या आवाजावर स्वतःला सावरून धरत होता. तेवढा एक आधार काढून घेतला, वर नजरेला नजर द्यायला लावली, वर हात धरला. सरांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. साठ मुलांचा वर्ग सांभाळताना त्यांना जे दिसलं त्यावर ते वागले.

पुढं तिथल्या पर्यवेक्षक बाईंनी जे केलं, त्याला एक पैसाही लागला नाही. रोज पहिल्या तासाआधी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात 'आजचे बदल' असं लिहायला वर्गाच्या मॉनिटरला सांगितलं. कोण रजेवर, त्या तासाला कोण येणार, परिपाठ मैदानावर की वर्गात. बदल नसेल त्या दिवशी 'बदल नाही' असंही लिहायचं, कारण कोपरा कोरा दिसला तर लिहायचं राहिलं की बदल नाही, हे त्याला कळणार कसं? एक रंगीत कार्ड दिलं. ते बाकावर ठेवून तो न बोलता उठू शकतो, ग्रंथालयात ठरलेल्या खुर्चीवर दहा मिनिटं बसू शकतो, आणि परत आल्यावर कुणीही चौकशी करायची नाही. शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची. शिक्षकांना धास्ती होती की तो दिवसभर तिथंच बसेल. घडलं उलटं. बाहेर जाता येतं हे कळल्यावर त्याला वर्गात थांबता यायला लागलं. भूगोलाच्या बाईंनी त्याच्या एसटीच्या वेडाचा उपयोग करून घेतला. कुठल्या आगाराची गाडी कुठल्या घाटातून जाते हे त्याला तोंडपाठ. सह्याद्रीतले घाट त्यानं नकाशावर वर्गाला दाखवले, फळ्याकडे तोंड करून, वर्गाकडे न बघता. बाईंनी तसं चालवून घेतलं, याचं मला फार मोल वाटतं.

काही गोष्टी पालकांनाही माहीत नसतात. स्वच्छतागृहाचा वास आणि तिथला गोंगाट सहन होत नाही म्हणून कित्येक मुलं सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुपारी डोकं दुखतं, चिडचिड होते, आणि आपण म्हणतो अभ्यासाचा ताण. घरी आलेली पाण्याची बाटली उचलून बघा. भरलेली असेल तर वर्गशिक्षकांना सांगा, तास चालू असताना, तिथं गर्दी नसताना त्याला जाऊ द्या.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं. पुष्कळ मुली इतरांचं बघून बघून हसणं, बोलणं, माना डोलावणं अंगी बाणवतात. वही नेटकी, मार्क चांगले, वर्गात चकार शब्द नाही. साडेपाचला घराचं दार लागलं की रडणं, किंचाळणं, स्वतःला चावून घेणं. आई शाळेत येऊन हे सांगते तेव्हा ऐकायला मिळतं, 'आमच्याकडे तर काहीच त्रास नाही, तुम्हीच लाडावलंय.' शिक्षकांनो, त्या आईवर विश्वास ठेवा. दिवसभर दाबून ठेवलेलं मुलगी घरी सोडते, कारण घरी तिला सुरक्षित वाटतं. आणि पालकांनो, दारातच 'आज काय झालं शाळेत?' विचारू नका. खायला द्या, तासभर एकटं राहू द्या. सांगायचं असेल तर रात्री अंथरुणात, दिवा मालवल्यावर सांगेल.

आता निदानाचा प्रश्न. 'लक्षणं आहेत, पण ऑटिझम म्हणता येत नाही' असं डॉक्टरांनी सांगितलेले इथं बरेच असतील. आपल्याकडे ऑटिझम मोजायला आयसा (ISAA) नावाची भारतीय मापनी वापरतात. तिच्यात ४० बाबी असतात, प्रत्येक बाबीला १ ते ५ गुण, आणि एकूण गुण ७० च्या खाली आले तर ऑटिझम नाही असं धरतात. पण ६५ गुणांच्या मुलीची धास्ती ७५ गुणांच्या मुलापेक्षा कमी असते असं कुठंय? फळ्याचा कोपरा, कार्ड, ग्रंथालयातली खुर्ची यांना कुठल्याही प्रमाणपत्राची गरज नाही.

प्रमाणपत्र लागतं ते परीक्षेच्या सवलतींसाठी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत ऑटिझम आहे. दहावीला तासाला २० मिनिटं जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक, अशा सवलती असतात, आणि त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. 'शिक्का बसेल' म्हणून पालक थांबतात आणि डिसेंबरात धावपळ करतात. नववीतच तपासणी करून घ्या. परीक्षेचं केंद्र दुसऱ्या शाळेत आलं, तर आदल्या आठवड्यात मुलाला नेऊन फाटक, जिना, स्वच्छतागृह दाखवा. जमलं तर त्याला बाकावर बसूनही बघू द्या.

ज्यांची मुलं शाळेत जायचीच थांबली आहेत, त्यांना दोन टोकांचे सल्ले मिळतात. पहिला, दोन फटके ठेवून द्या म्हणजे जाईल. दुसरा, बरं वाटेपर्यंत घरीच राहू दे. मारानं भीतीत भर पडते, शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई आहे, ती घरालाही लागू आहे असं समजा. नुसतं घरी ठेवलं तर सुटका झाल्याचं बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी उंबरा आणखी उंच होतो. मधली वाट संथ आहे. आधी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात एक चक्कर. मग त्याच्या आवडीचा एकच तास, आणि तो संपला की घरी. फाटकावर रोज तोच एक माणूस घ्यायला, मग ते शिपाईमामा का असेनात. हे करताना वेळेची भाषा नेमकी ठेवा. 'नंतर बघू' म्हणू नका, 'मधली सुट्टी संपली की' म्हणा. मूल जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

शेवटी एक काम सांगते, ते याच आठवड्यात करा. एका कागदावर, एकाच बाजूला, मुलाबद्दल चार-पाच ओळी लिहा. कशानं बिथरतो, बिथरायच्या आधी काय करतो, तेव्हा काय करू नये, कशानं शांत होतो. लिहिताना त्याला शेजारी बसवा. त्याला नको असलेली ओळ खोडा. वर्गशिक्षक हा कागद वाचतीलच, पण गुरुवारी तिसऱ्या तासाला ते वर्गात नसतील. म्हणून त्याची एक प्रत पर्यवेक्षकांकडच्या बदली तासांच्या वहीत आतल्या बाजूला चिकटवा. ज्यांना ऐन वेळी त्या वर्गावर जायचं आहे, ते त्या वहीत सही करायला येतातच.